पोथींतला ऋषभ

गिरगांवांतल्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना तेथील सकाळ वर्णून सांगावयास नको. पहांटे नळ येऊन गेलेला असे, स्वयंपाकघरांत आधण चढलेलें असे, आणि जिन्यावर पेपरवाल्या मुलाचीं पावलें वाजत. आमच्या बिऱ्हाडांत याच घटकेस माझी आत्या तांदूळ निवडावयास बसे आणि निवडतां निवडतां गात असे. गात असे म्हणण्यापेक्षां गुणगुणत असे म्हणावें. कारण कोणी ऐकत आहे असें वाटलें कीं ती थांबे. या गुणगुणण्यांत एक चीज वरचेवर येई. ती आसावरी रागांतली आहे हें मला पुढें कळलें. आत्याला तें ठाऊक नव्हतें. रागाचें नांव, तालाचें नांव, स्वरांचीं नांवें, यांपैकीं कांहींच तिला ठाऊक नव्हतें.

ही चीज ती कोणापाशीं शिकली असेंहि म्हणतां येत नाहीं. माझ्या आजोबांच्या घरीं चातुर्मासांत एक कीर्तनकार बुवा उतरत. तरुणपणीं धृपदाची तालीम घेतलेले गृहस्थ होते ते. सकाळीं तंबोरा घेऊन माजघरांत बसत, आणि आत्या, त्या वेळीं आठ-दहा वर्षांची मुलगी, दाराआड वाती वळीत बसे. आमच्यासारख्या घरांतून मुलींना गाणें शिकविण्याचा तो काळ नव्हे. चार चातुर्मास तिनें तें ऐकलें, आणि पुढें पन्नास वर्षें तें तिच्या गळ्यांत राहिलें.

१९७७ सालीं मी मॅट्रिक झालों. त्याच वर्षीं दादरला एका गायनवर्गांत पेटी शिकावयास जाऊं लागलों. तेथें पहिल्या महिन्यांतच दहा थाटांचा तक्ता पाठ करवून घेत. थाट म्हणजे सात स्वरांचा सांचा. सातांपैकीं कोणता स्वर शुद्ध आणि कोणता कोमल, म्हणजे उतरलेला, हें त्यावरून ठरतें. आसावरीच्या थाटांत गंधार, धैवत आणि निषाद हे तीन कोमल, ऋषभ शुद्ध. पाठांतराची संवय मला संस्कृतामुळें होतीच. दोन दिवसांत तक्ता तोंडपाठ झाला, आणि तिसऱ्या दिवशीं तांदूळ निवडणाऱ्या आत्याचा ऋषभ उतरलेला लागतो हें माझ्या ध्यानांत आलें.

"आत्या, तुझा ऋषभ चुकतो आहे. आसावरींत रे शुद्ध असतो. हें बघ, पुस्तकांत आहे."

आत्यानें पुस्तकाकडे पाहिलें, मग माझ्याकडे. "असेल रे बाबा. मला कुठलें पुस्तकांतलें कळायला! बुवा म्हणत तसें म्हणत होतें आपली." एवढेंच ती बोलली. रागावली नाहीं. परंतु त्या दिवसानंतर ती चीज मीं तिच्या तोंडून पुन्हां ऐकली नाहीं. आईला विचारलें तर ती म्हणे, तूं घरीं नसलास म्हणजे म्हणते कधीं कधीं.

या गोष्टीला आतां पन्नास वर्षें होत आलीं. मध्यंतरीं मी शाळामास्तर झालों, परळ-दादर भागांत मुलांना शब्द चालवावयास शिकवून निवृत्त झालों. आणि इतक्या वर्षांत ज्या एका विषयावर माझें चिंतन राहून राहून परत आलें तो हाच, कीं दहाजणांनीं मिळून मान्य केलेलें, ग्रंथांत बसलेलें ज्ञान, आणि एखाद्याच्या गळ्यांत, हातांत वा जिभेवर वसलेलें ज्ञान, यांचा परस्परांशीं संबंध तरी काय?

आमच्या शास्त्रकारांनीं याला दोन सुरेख शब्द दिलेले आहेत: लक्ष्य आणि लक्षण. लोकांच्या वापरांत जी वस्तु प्रत्यक्ष आहे तें लक्ष्य. तिच्याविषयीं केलेला नियम तें लक्षण. भगवान् पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच एक मार्मिक दाखला दिला आहे. ज्याला घट पाहिजे तो कुंभाराच्या घरीं जाऊन घट करून मागतो. परंतु ज्याला शब्द वापरावयाचे आहेत असा कोणी वैयाकरणाच्या दारीं जाऊन 'मला शब्द करून द्या' असें म्हणत नाहीं. शब्द लोकांच्या तोंडीं आधींच असतात. व्याकरण मागाहून येतें. इतकें स्पष्ट सांगितलेलें असतां, व्याकरण शिकलेला सोळा वर्षांचा मुलगा आपल्या आत्याच्या तोंडचा शब्द चुकीचा ठरवितो, आणि त्याला आपण मोठा शास्त्रार्थ केला असें वाटतें!

ज्या तक्त्याच्या बळावर मीं ही मर्दुमकी गाजविली तो तक्ता मुंबईच्याच एका गृहस्थानें बसविलेला आहे, आणि तो त्यांनीं कसा बसविला हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं वाळकेश्वरीं झाला. ते बी. ए. झाले, १८८७ सालीं एल्‌एल्. बी. झाले, कांहीं काळ वकिलीहि केली. परंतु त्यांचें चित्त गाण्यांत होतें. मुंबईच्या पारशी मंडळींनीं १८७० सालीं 'गायन उत्तेजक मंडळी' नांवाची संस्था काढली होती. भातखंडे १८८४ सालीं तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांच्यासारख्या जाणत्यांकडून त्यांनीं धृपदें घेतलीं, खांसाहेबांकडून ख्याल घेतले. पुढें चाळिशीच्या सुमारास पत्नी व कन्या दोघीहि निवर्तल्या, आणि हा मनुष्य संसारांतून मोकळा होऊन गाण्याच्या शोधांत निघाला. १९०४ सालीं दक्षिणेंत, १९०७-०८ सालीं उत्तरेंत व पूर्वेस, असे त्यांचे प्रवास झाले.

त्यांना अडचण कोणती होती हें समजून घेतलें पाहिजे. गाणें अमाप होतें, परंतु तें एकेका घराण्याच्या कुलुपांत होतें. चीज ही त्या घराण्याची मिळकत. ती मुलास द्यावयाची, फार झालें तर जांवयास. चिजा हुंड्यांत दिल्याच्याहि कथा सांगतात. याला नुसता कृपणपणा म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याला जमीन नाहीं, वतन नाहीं, आणि ज्याचें पोट एका संस्थानिकाच्या मर्जीवर आहे, त्यानें आपली एकुलती ठेव चारचौघांत वांटून टाकावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी? परंतु परिणाम व्हावयाचा तो होईच. खांसाहेब गेले कीं चिजा गेल्या. शिवाय एकच राग दोन घराण्यांत दोन रीतींनीं गाइला जाई, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला चुकलेला म्हणे. तंटा तोडावयाचा कसा? साक्षी कोणाची काढावयाची?

दुसऱ्या बाजूस जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि त्यांची दशा याच्या अगदीं उलट होती. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाखालीं तेराव्या शतकांत लिहिला गेलेला थोर ग्रंथ. त्यांत रागांचीं लक्षणें सविस्तर दिलेलीं आहेत. परंतु तीं लक्षणें ज्यांच्या गळ्यांतून निघालीं ते गळे कधींच मुके झाले, आणि मधली परंपरा तुटली. त्यामुळें ग्रंथांतला राग प्रत्यक्ष कसा लागत असेल हें निश्चयानें सांगणें कोणासहि शक्य राहिलें नाहीं. भातखंड्यांनीं हें निर्भीडपणें सांगितलें, आणि पुष्कळ शास्त्री त्यांच्यावर रुष्ट झाले. म्हणजे एकीकडे लक्षणावांचून लक्ष्य, आणि दुसरीकडे लक्ष्यावांचून लक्षण! मला तर वाटतें कीं ही दुसरी अवस्था अधिक भयंकर. पहिलींत निदान कोणी तरी गात असतो.

भातखंड्यांनीं वकिली सोडली, परंतु वकिली बाणा सोडला नाहीं. प्रश्नांची यादी बरोबर घेऊन ते गांवोगांव हिंडले. एका रागाविषयीं दहा गुणिजनांना विचारावयाचें, प्रत्येकाकडून तो ऐकावयाचा, कोठें एकमत आहे आणि कोठें मतभेद आहे तें टिपावयाचें, असा हा साक्षीपुरावा. जयपुरास मनरंगाच्या परंपरेंतील महंमद अली खां होते. त्यांच्या घराण्याच्या चिजा त्यांच्या मुलांकडून घेऊन भातखंड्यांनीं फोनोग्राफवर उतरविल्या. रामपुरास तर ते तानसेनाच्या कुळांतील मानल्या जाणाऱ्या वजीर खां यांचे रीतसर शागीर्द झाले. कारण शिष्य झाल्यावांचून ती पेटी उघडणार नव्हती. पन्नाशीच्या घरांतला विद्वान् ब्राह्मण खांसाहेबांपुढें शिष्य म्हणून बसतो, हें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. ज्ञान सर्वांचें करावयाचें तर आधीं एकाचें व्हावें लागतें, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

या सर्व खटाटोपांतून १९१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ बाहेर आला. वाचकांनीं नांवाकडे लक्ष द्यावें: लक्षण नव्हे, लक्ष्य! आज जें गाइलें जातें त्याचें हें शास्त्र, असा त्यांत दावा आहे. कर्त्याचें नांव चतुरपंडित असें घातलें, स्वतःचें नाहीं. मग त्याचें विवरण म्हणून मराठींत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' चे चार भाग लिहिले. गुरुशिष्यांचा संवाद चालला आहे अशी त्यांची रचना आहे. आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारें अठराशें चिजा स्वरलिपीसह छापल्या. त्यांतले शेवटचे भाग तर १९३६ सालीं त्यांचें निधन झाल्यावर निघाले. ज्या चिजांसाठीं पूर्वीं पाय चेपावे लागत त्या आतां कांहीं आण्यांत गिरगांवच्या दुकानांत मिळूं लागल्या. बडोद्यास १९१६ सालीं भरलेली पहिली संगीत परिषद आणि लखनौस १९२६ सालीं निघालेलें विद्यालय हीं त्याच उद्योगाचीं फळें.

येथवर आपण एक बाजू पाहिली. आतां दुसरी. स्वरलिपि म्हणजे काय? कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खालीं टिंब, वरच्याला वर टिंब, समेला फुली, कालाला शून्य. इतक्या सामग्रींत अठराशें चिजा बसविल्या ही कमाल खरीच. परंतु आसावरींतला कोमल धैवत कोमल म्हणजे किती कोमल, आणि तो कसा आंदोलित करावयाचा, कोठें टेकावयाचें आणि कोठून निसटावयाचें, हें त्या रेघेंत नाहीं. पाकक्रियेच्या पुस्तकांत सगळें वजनमाप देऊन शेवटीं 'चवीपुरतें मीठ' असें लिहिलेलें असतें ना, तसेंच हें. त्या दोन शब्दांत पुस्तक हात टेकतें आणि सुगरणीची जीभ पुढें येते. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत डोलत म्हणणारा आणि घाईनें म्हणणारा यांच्याच पंक्तीस लिहिलेलें पाहून म्हणणाराहि बसविला आहे. माझे गुरुजी हें सांगून पुस्तक मिटावयास लावीत.

भातखंड्यांना हें कळत नव्हतें असें नाहीं. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मुंबईचेच. स्वरज्ञानांत व पद्धतींत ते तयार झालेले होते. तरी भातखंड्यांनीं त्यांना बडोद्यास आग्रा घराण्याच्या फैयाझ खांसाहेबांकडे पाठविलें. ज्यानें सर्व चिजा छापल्या त्यानेंच आपल्या शिष्यास छापलेल्या कागदावर सोडलें नाहीं. पुढें रातंजनकरांनीं लखनौचें विद्यालय चालविलें, आणि त्यांचे शिष्य के. जी. गिंडे यांनीं मुंबईंत शीव येथील वल्लभ संगीतालयांत विद्यादान केलें. गिंड्यांना इतक्या बंदिशी कंठस्थ असत कीं १९९४ सालीं ते गेले तेव्हां जाणकारांनीं एक ग्रंथालय गेलें असें म्हणावें. बंदिशी तर बहुतेक छापलेल्या होत्या! मग गेलें तें काय? हा प्रश्न मीं एकदां वर्गांतल्या मुलांना विचारला होता. एका चुणचुणीत मुलीनें उत्तर दिलें, "सर, कुठली बंदिश कुणाला कधीं शिकवायची तें गेलें." मला यापेक्षां चांगलें उत्तर सुचलेलें नाहीं.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोन नाट्याचार्यांचें भांडण आहे. त्यांचा निवाडा करतांना परिव्राजिका सांगते कीं कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायींच शोभून दिसते, कोणाची दुसऱ्यांत संक्रांत करण्यांत विशेष असते. दोन्ही ज्याच्यापाशीं आहेत त्याला शिक्षकांचा अग्रणी करावें. अग्रणी विरळाच. बहुतेकांचा पाय एकाच बाजूस असतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना नांवें ठेवतात.

या दुसऱ्या बाजूचा सर्वांत तेजस्वी दाखलाहि याच मुंबईंत आहे. अल्लादिया खांसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरीं होते. १९२२ सालीं महाराज वारल्यावर ते मुंबईस आले आणि १९४६ सालीं येथेंच वारले. तरुणपणीं एका संस्थानांत अतोनात गावें लागून त्यांचा आवाज बसला तो पुन्हां पूर्वींसारखा खुलला नाहीं. घराण्याची जुनी गायकी त्या फुटक्या आवाजांत बसेना; तेव्हां त्यांनीं त्या आवाजाला पेलेल अशी लयीच्या अंगानें वळणें घेत जाणारी नवी गायकी सिद्ध केली. आज जिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतात, जी पुढें कित्येक धडधाकट आवाजाच्या लोकांनीं शिस्तीनें शिकली, ती मुळांत एका मनुष्याच्या गळ्याची अडचण होती! एकट्याचें ज्ञान सर्वांचें होतें तें असें, कधीं कधीं व्यंगांतून.

खांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनीं विद्या कष्टानें मिळविली आणि कष्टानेंच राखली. शिष्य म्हणून धोंडूताई कुलकर्णींखेरीज फारसें कोणी नांव घेण्यासारखें नाहीं. आपली विद्या बाजारांत मांडावयाची नाहीं असा त्यांचा कटाक्ष. आणि दैवाची गंमत अशी, कीं १९७७ सालीं, म्हणजे त्या वारल्या त्याच वर्षीं, अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी ठेवली, तिच्यांत केसरबाईंची भैरवी आहे. जी विद्या गिरगांवांतल्या शेजाऱ्याला मिळावयाची नाहीं ती आतां सूर्यमालेबाहेर गेली आहे. ज्या वर्षीं ती गेली त्याच वर्षीं मी आत्याचा ऋषभ सुधारीत होतों.

मोगूबाई कुर्डीकर याहि खांसाहेबांच्याच शिष्या. त्या आपल्या कन्येला, किशोरी आमोणकरांना, शिकवितांना एखादी जागा दोनदां म्हणून दाखवीत, तिसऱ्यांदा नाहीं. हें किशोरीताईंनींच पुढें सांगितलेलें आहे. ही क्रूरता नव्हे. दोनदांच ऐकावयास मिळणार हें ठाऊक असलें म्हणजे कान ज्या रीतीनें ऐकतो त्या रीतीनें तो यंत्रावर शंभरदां ऐकत नाहीं. तरी त्या तालमींत घडलेल्या किशोरीताई आईसारख्या गाइल्या नाहींत. घराण्याची शिस्त अंगीं मुरवून मग त्यांनीं स्वराच्या विस्ताराची आपली वेगळी वाट काढली. लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि आज पुष्कळ मुली त्यांच्याच वाटेनें जातात. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं 'स्वरार्थरमणी' हा ग्रंथ लिहिला. गळा पुन्हां पोथीकडे आला.

तसाच कुमार गंधर्वांचा प्रकार. बेळगांवकडचा हा मुलगा सात-आठ वर्षांचा असतांना ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचें गाणें हुबेहूब म्हणे. तबकडी म्हणजे सर्वांची वस्तु, चार रुपये टाकील त्याची. परंतु अनुकरणावर आयुष्य काढतां येत नाहीं हें ओळखून त्याला अकराव्या-बाराव्या वर्षीं मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे ठेवण्यांत आलें. ऑपेरा हाउसजवळची देवधरांची शाळा हें एक निराळेंच पीठ होतें. तेथें सर्व घराण्यांचे गवई येत, गात, बोलत. देवधर कोणाचीहि विद्या वर्ज्य मानीत नसत. तेथें सर्वांचें ऐकून कुमार कोणासारखेच गाईनातसे झाले. पुढें माळव्यांतील लोकधुनांतून त्यांनीं नवे राग काढले, आणि १९६५ सालीं 'अनूपरागविलास' या नांवानें स्वरलिपीसह छापून ते सर्वांच्या स्वाधीन केले.

पोथी मात्र जेथें असते तेथेंच राहते, आणि गाणें पुढें जातें. बिहाग रागच पाहावा. तीव्र मध्यमाचा पूर्वीं त्यांत जेमतेम स्पर्श असे. भातखंड्यांनीं म्हणूनच तो बिलावल थाटांत घातला. आज बिहागांत तीव्र मध्यम इतका ठळक लागतो कीं त्यावांचून श्रोत्यांना बिहाग वाटतच नाहीं. थाट बदललेला नाहीं. पटदीप तर दहांपैकीं कोणत्याच थाटांत नीट बसत नाहीं, तरी लोक तो आवडीनें गातात आणि परीक्षेंत त्याचा थाट काफी असें लिहून गुण मिळवितात. माझ्या मतें यांत तक्त्याचा दोष नाहीं. तक्ता हा दहा साक्षींवरून दिलेला निकाल आहे. अकरावा साक्षीदार आला तर निकाल पुन्हां पाहावा लागतो. दोष असतो तो निकाल पाठ करून साक्षीदाराला गप्प बसविणाराचा.

सगळ्याच साक्षीदारांच्या नशिबीं भातखंडे येत नाहींत, हेंहि मला परळच्या नोकरींत दिसलें. माझ्या वर्गांतल्या बऱ्याच मुलांचे वडील लालबाग-परळच्या गिरण्यांत होते, आणि मूळचे कोंकणचे. चाळीचाळींतून भजनी मंडळें असत. डबलबारीचा सामना लागला म्हणजे रात्र उजाडे. एका मुलाला अनुष्टुभाचें लक्षण कांहीं केल्या येईना, परंतु वडिलांच्या मागें झांज धरून तो अभंगाची मात्रान् मात्रा बिनचूक राखी. मीं त्याला अभंगाच्या चालीवरून छंद शिकविला, आणि तो शिकला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढें गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पुष्कळ कुटुंबें गांवीं परतलीं. त्यांत त्या मुलाचेंहि कुटुंब होतें. त्याच्या वडिलांपाशीं त्यांच्या बुवांच्या कितीतरी खास चाली होत्या. अभंग गाथेंत आहेत, ते कोठें जात नाहींत. चाली गाथेंत नाहींत.

आत्या १९९१ सालीं वारली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयांत बसून मी भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' प्रथमच समग्र वाचली. तोंवर माझें भातखंड्यांविषयींचें ज्ञान म्हणजे तो तक्ता. आसावरीचें प्रकरण आलें, आणि तेथें शिष्याच्या शंकेला उत्तर देतांना गुरूनें आसावरीच्या दोन्ही चाली सांगितलेल्या आढळल्या. ख्यालगायक बहुधा शुद्ध ऋषभ घेतात. कोमल ऋषभाची आसावरीहि आहे, आणि धृपदियांकडे ती मानली जाते. म्हणजे ज्या धृपदाच्या तालमींतून बुवा आले, बुवांपासून जें आत्याच्या कानांवर पडलें, तें भातखंड्यांच्या पुराव्यांत होतेंच. आत्याचा ऋषभ पोथींत होता. मीं पोथी वाचलेली नव्हती.

पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून होतों. ग्रंथपालांनीं दिवे मालवावयास घेतले तेव्हां उठलों.

सध्यां माझी नात दादरलाच गाणें शिकते. तंबोरा तिच्या भ्रमणध्वनींत आहे, आणि जगांतले सगळे गवईहि त्यांतच आहेत. परवां तिला वर्गांत आसावरी सुरू झाली. थाटाचा तक्ता तिलाहि पाठ करावा लागला. मीं तिला ही हकीकत सांगितली, तेव्हां तिनें दोन मिनिटांत कोमल ऋषभाच्या आसावरीचें एक ध्वनिमुद्रण शोधून माझ्यापुढें धरलें. डोळे मिटून ऐकत होतों. राग तोच, चीज निराळी.

"आजोबा, तुमच्या आत्याची कशी होती? म्हणा ना."

माझा गळा आतां कामाचा राहिलेला नाहीं. तरी स्थायी म्हटली. सोळाव्या वर्षापर्यंत रोज सकाळीं ऐकलेली ती, कशी विसरेन? नातीनें मला तीच ओळ पांच-सहा वेळां म्हणावयास लावली, दोन ठिकाणीं तर मला थांबवून, "मघाशीं असं नव्हतं म्हटलंत," असें बजावलें, आणि वहींत मात्रा आंखून स्वर लिहून काढले. ऋषभ आला तेव्हां तिनें माझ्याकडे पाहून त्याच्याखालीं आडवी रेघ ओढली.

"आणि अंतरा?"

अंतरा मला येत नाहीं. आत्या तो फार हळू म्हणत असे. नातीनें कांहीं न बोलतां त्याच्या जागीं दोन ओळींच्या मात्रा आंखून ठेवल्या आणि त्या कोऱ्याच सोडल्या.